तहकुबीची सूचना आणि अकरा बैलजोड्या

कौन्सिलच्या हेडक्लार्कने माझा कागद वाचला, त्याची घडी घातली आणि तो परत माझ्या हातात दिला.

"वकीलसाहेब, हे चालायचं नाही."

पुण्याच्या कौन्सिल हॉलमधल्या घड्याळात साडेबारा झाले होते. बैठक दोन वाजता. त्याआधी नीट लिहिलेला कागद आत गेला नाही, तर पुढची बैठक एकदम सोमवारी. आणि लिलाव होता उद्या, शनिवारी सकाळी.

लिलाव बैलांचा होता. मी तेव्हा वडगाव मावळच्या कोर्टात वकिली करत होतो. लोहगडवाडीच्या शेजारच्या एका वाडीतले लोक माझ्याकडे आले. गडाखालच्या उतारावर एका नव्या फॉरेस्ट ऑफिसरने जंगलाच्या हद्दीचे दगड हलवले होते, त्यामुळे रोजच्या जागी चरणारे बैल बसल्या जागी गुन्हेगार झाले. अकरा जोड्या वडगावच्या कोंडवाड्यात गेल्या. दंड भरून सोडवता आल्या असत्या, पण दंड भरणं म्हणजे ते रान आपलं नाही हे कबूल करणं, आणि त्याला वाडी तयार नव्हती. कोर्टात जावं तर दावा दोन वर्षं चालणार. भाताची रोपं तयार होऊन उभी होती. बैलांशिवाय चिखलणी नाही, चिखलणीशिवाय आवणी, म्हणजे रोपांची लावणी, नाही, आणि आवणी चुकली की वर्षभर खायचं काय?

म्हणून ज्यांची जोडी धरली गेली होती त्या वाडीतल्या म्हाताऱ्या आबांना घेऊन मी लोणावळ्याला भाऊसाहेबांकडे गेलो. भाऊसाहेब आमच्या भागातून इंग्रज सरकारच्या कायदे कौन्सिलवर निवडून गेलेले. माणूस दिलदार, फक्त बोलायला लागले की थांबत नसत. त्यांनी ताबडतोब अॅडजर्नमेंट मोशन आणायचं ठरवलं. मराठीत तहकुबीची सूचना. म्हणजे आजचं ठरलेलं काम बाजूला ठेवा आणि आधी या विषयावर बोला, अशी सभासदाने केलेली मागणी. अध्यक्षांनी परवानगी दिली तर सरकारला त्याच दिवशी उठून उत्तर द्यावं लागतं. कागद लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी तो फार झोकात लिहिला.

"यात चूक काय आहे?" मी हेडक्लार्कला विचारलं.

"तुम्ही लिहिलंय, या लोकांची गुरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या चरत आली आहेत आणि हद्दीचा तंटाही फार जुना आहे. मग आजच घाई कसली? अध्यक्ष पहिल्यांदा हेच विचारतील. तहकुबीला विषय ताजा लागतो."

मी कागद पुन्हा वाचला. कोर्टात वहिवाटीचा हक्क जितका जुना तितका पक्का. ते 'पिढ्यान्‌पिढ्या' लिहून मी वडगावला कितीतरी दावे जिंकले होते. हात सवयीने तेच लिहून गेला, आणि त्यापायी आबांचे बैल जायची वेळ आली. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

दुसरी चूक भाऊसाहेबांची. त्यांनी आगगाडीत माझ्याकडून कागद घेऊन खाली साऱ्या हिंदुस्थानच्या जंगल धोरणावर एक परिच्छेद जोडला होता. एका सूचनेत विषय एकच लागतो.

मी व्हरांड्यातल्या बाकावर आबांशेजारी बसलो आणि नेमकं काय घडलं ते विचारलं. आबांनी त्यांच्या आजोबांपासून सुरुवात केली.

"आबा, आजोबा राहू द्या. दगड कधी हलला तेवढं सांगा."

"गेल्या गुरवारी, आठ दिस झालं. सकाळी दगड वढ्याच्या पल्याड व्हता. मी बैल सोडलं, घरी जाऊन भाकर खाल्ली. परत येतुय तर दगड अल्याड, आन् बैल न्हाईत."

यापेक्षा ताजं काय असणार? मी तीन वाक्यांत नवा कागद लिहिला. गेल्या आठवड्यात गुरुवारी दगड हलवले, बैल धरले. उद्या लिलाव आहे. लिलाव झाला तर वाडीची आवणी बुडेल. भाऊसाहेबांचा हिंदुस्थान मी खोडला. ते नाराज झाले. नुसत्या बैलांवर दोन तास काय बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, काहीही बोला, पण त्या उताराच्या बाहेर जाऊ नका. त्यांनी सही केली. दीडला कागद आत गेला आणि नियमाप्रमाणे त्याची एक प्रत सरकारी बाजूकडेही गेली.

आबा आणि मी गॅलरीत बसलो. प्रश्नोत्तरं संपली, तसे भाऊसाहेब हातात भाषणाची जाडजूड चळत घेऊन उठले. ते तोंड उघडणार तोच सरकारी सभासद उभे राहिले. त्यांनी शांतपणे सांगितलं की, सूचनेची प्रत मिळताच वडगावच्या मामलेदारांना तार गेली आहे. लिलाव रद्द, बैल दंडाशिवाय परत, आणि फेरमोजणी होईपर्यंत जुनीच हद्द धरायची. अध्यक्ष म्हणाले, मग आता घाईचं कारण उरलं नाही. परवानगी नाकारली. भाऊसाहेब चळतीसकट खाली बसले.

सगळं इंग्रजीत झालं होतं. बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "काय झालं, वकीलसायेब?"

"सूचना फेटाळली."

आबांचा चेहरा पडला. "म्हंजी बैल गेलं?"

"नाही, आबा. बैल सुटले. उद्या सकाळी घेऊन जा."

आबा तिथेच पायरीवर बसले आणि मुंडाशाच्या टोकाने डोळे पुसले. मीही त्यांच्या शेजारी टेकलो. जरा वेळाने ते म्हणाले, "मग फेटाळली कशापायी?"

"बैल सुटले म्हणून."

त्यांनी यावर बराच विचार केला. मग मान हलवून म्हणाले, "ह्ये लय शान्या मानसांचं काम दिसतंय."

परतीच्या गाडीत भाऊसाहेब देहूरोडपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. शनिवारी सकाळी मी कोंडवाड्यावर गेलो तेव्हा वाडीची माणसं आधीच आली होती. माझ्याशी दोन शब्द बोलायलाही कुणी थांबलं नाही. बैल हाकत सगळे थेट खाचरांकडे निघाले आणि दुपारी चिखलणीला लागले.

पुढे मी दावे पुष्कळ जिंकले. पण वेळेवर कुणाच्या उपयोगी पडलेला माझा एकच कागद मला आठवतो, आणि तो नामंजूर झालेला आहे.