दाराची पत्रपेटी कशी तुटली

मनोहररावांनी दार मोजलं, कूलर मोजला, दारातून कूलर वजा केला आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच उरतो हे कागदावर सिद्ध केलं. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात नकाशे काढलेला माणूस. धरणाचा हिशोब चुकू दिला नाही, तिथे कूलर म्हणजे काय!

हिशोबात राहिली ती फक्त पत्रपेटी. ती दाराच्या आतल्या बाजूला, पत्र टाकायच्या फटीखाली बसवलेली. दार सताड उघडलं की ती दार आणि भिंत यांच्या मध्ये येते, आणि दार भिंतीला टेकतच नाही. कूलर दारात अडकला तेव्हा मनोहररावांनी दोष कूलरला दिला, मागचापुढचा काहीही विचार न करता खांदा लावला आणि जोर केला. कूलर आत आला. त्याच्यामागून पापड मोडावा तसा आवाजही आला. दार पुढे ओढून पाहतात तर पेटी चपटी होऊन एका स्क्रूवर लोंबत होती, बाकीचे तीन स्क्रू सागवानाचे टवके घेऊन निघालेले.

एरवी यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण कामिनीबाई सावनेरला बहिणीच्या नातवाच्या बारशाला गेल्या होत्या, आणि जाताना चपला घालता घालता बजावून गेल्या होत्या की मी शुक्रवारी येईन, दोन माणसं बोलावू, तोवर कूलरला हात लावायचा नाही. गेल्या वर्षी मनोहररावांनी तेल द्यायला म्हणून मिक्सर उघडला होता. त्या मिक्सरची हकिगत सावनेरच्या पाहुण्यांना मनोहररावांच्या नोकरीपेक्षा जास्त तपशिलात ठाऊक आहे. त्यात आता पत्रपेटीची भर पडली, तर पुढची दहा वर्षं कुठल्याही लग्नात मान वर करून जेवण्याची सोय उरली नसती.

आज बुधवार होता. कूलर दोन माणसं लावून आत घेतला असं सांगता येणार होतं, पण पेटी शुक्रवारी बाई यायच्या आत जशीच्या तशी दारावर हवी होती.

आधी त्यांनी स्वतःच खलबत्त्यातला बत्ता घेऊन पेटी ठोकून पाहिली. चपटी होती ती वाकडी झाली. मग मात्र ती पिशवीत घालून ते चौकातल्या धम्मानंदकडे गेले.

धम्मानंद पत्र्याचं काम करतो. अठरा वर्षं हिंगण्याच्या एका कारखान्यात प्रेसवर होता. तिथे दिवसाला दोन हजार झाकणं काढायची आणि ती कशावर बसतात हे एकदाही कळायचं नाही, या एका गोष्टीला कंटाळून त्यानं नोकरी सोडली म्हणतात. आता प्लॉट पाडून वसलेल्या या लेआउटच्या कोपऱ्यावर कडुनिंबाखाली त्याचं दुकान आहे. उन्हाळ्यात कूलरच्या बॉड्या, बाकीच्या दिवसांत पेट्या, पन्हळी, कोंबड्यांची खुराडी. त्याच्याकडे टेप नाही. माप घ्यायचं तर तो खराट्याची काडी लावतो, कट्‌कन मोडतो आणि खिशात टाकतो. खिशात अशा दहा-बारा काड्या असतात, आणि कोणती काडी कोणाच्या घरची हे त्याला न पाहता कळतं.

त्याची एक खोड मात्र साऱ्या लेआउटला माहीत आहे. मोडकी वस्तू समोर ठेवली की तो पैशाचं बोलत नाही, कधी देतो तेही बोलत नाही. आधी विचारतो, "कसं तुटलं?" आणि खरं उत्तर मिळेपर्यंत हातोडी उचलत नाही. महादेवराव ठेकेदार एकदा पत्र्याची ट्रंक घेऊन आले आणि माळ्यावरून पडली म्हणाले. धम्मानंदनं ती तीन दिवस तशीच उन्हात ठेवली. चौथ्या दिवशी महादेवरावांनी कबूल केलं की तिच्यावर जावई बसले होते. "जावई तेच हायेत का अजून?" एवढंच धम्मानंदनं विचारलं, आणि झाकणाखाली दोन जाड पट्ट्या मारून ट्रंक परत केली.

हे सारं माहीत असूनही मनोहरराव खोटं बोलले. वाटेतच ठरवून आले होते. म्हणाले, पोस्टमन फार जोरानं पत्र कोंबतो.

धम्मानंदनं पेटी फिरवून पाहिली. पत्र येतं समोरून आणि पेटी चेपली होती मागून. मनोहररावांनी पुढे केलेला नकाशा, तिन्ही बाजूंनी काढलेला, मापांसकट, त्यानं घडी घालून पेटीतच ठेवला आणि म्हणाला, "मंग पहिले पोस्टमनचा हात पाहा लागंन."

गुरुवारी सकाळी दुकान बंद ठेवून, ऐन एप्रिलात, धम्मानंद पेटी घेऊन मनोहररावांच्या पायरीवर येऊन बसला. मनोहररावांनी त्याला हर तऱ्हेनं समजावलं. पेटी साधी कर, फट आहे तेवढीच असू दे, पोस्टमनचं काय घेऊन बसलास. धम्मानंदचं म्हणणं असं की हात जोराचा असेल तर आतून गादी लावावी लागेल, हात मोठा असेल तर फट वाढवावी लागेल, आणि न पाहता काम केलं तर ते पुन्हा झाकणंच काढल्यासारखं होईल. चहा विचारला तर काम झाल्यावर, म्हणाला.

दुपारी एकच्या सुमारास स्कूटी थांबली. या भागाला पोस्टमन नव्हताच, भावना नावाची पोस्टवुमन होती, नोकरीत सहा महिने झालेली. मनोहरराव दुपारी झोपत असल्यामुळे त्यांना हे ठाऊक नव्हतं.

"काहून वं पोरी," धम्मानंदनं विचारलं, "इथं चिट्ठी टाकतानी लय जोर लावते का तू?"

भावनानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दारातल्या उघड्या फटीकडे. "मी काहून जोर लावीन जी? याइच्या घरी येते काय तर लाइटचं बिल."

मनोहरराव तुळशीला पाणी घालू लागले. तुळशीला सकाळीच पाणी घातलेलं होतं.

धम्मानंदनं तिला हात पुढे करायला लावला, काडीनं पंजा मोजला, आणि लहान आहे असं जाहीर केलं. प्रकरण इथेच मिटायचं. पण भावना विचारात पडली होती. तिला आठवलं, सोमवारी काकूंच्या नावाचं एक जाड पाकीट होतं, ते फटीत जाईना म्हणून आपण तळहातानं दाबलं होतं. तिचा चेहरा उतरला. "माझ्याकूनच झालं असंन काका," ती म्हणाली. "हाफिसात सांगू नका, पेटी मी करून देईन."

आता मनोहररावांपुढे दोन वाटा होत्या. गप्प बसलं तर शुक्रवार सुखाचा जात होता. पेटी नवी, दोष पोस्टाचा, साक्षीला खुद्द पोस्ट. असा पक्का पुरावा त्यांना नोकरीतही कधी मिळाला नव्हता. पण समोर ती पोरगी पर्समधून काहीतरी शोधत उभी होती, आणि पायरीवर धम्मानंद, पेटीकडे नाही, मनोहररावांकडे पाहत.

लोटा खाली ठेवून त्यांनी सांगून टाकलं. कूलर, एकेक इंच, खांदा, बत्ता, सगळं. बत्त्याचं कुणी विचारलंही नव्हतं.

भावना हसायची थांबेना. काकूंना माहीत आहे का, एवढं विचारून, उत्तराची वाट न पाहता ती स्कूटी घेऊन गेली. धम्मानंद मात्र हसला नाही. त्यानं हातातली काडी फेकली, खराट्यातून नवी ओढली, आणि दार उघडून, दार आणि भिंत यांच्या मधली जागा मोजली.

"आता समजलं," म्हणाला. "हे तर दरसाल तुटन. कूलर दरसाल येते ना?"

शुक्रवारी दुपारी तो नवी पेटी घेऊन आला. आकार तोच, रंग तोच, पण स्क्रूनं कायमची बसवलेली नाही. दारावर दोन आकडे, त्यांवर पेटी अडकवलेली. कूलर आणायचा झाला की पेटी उचलून बाजूला ठेवायची, दार भिंतीला टेकवायचं, कूलर आत, पेटी परत आकड्यावर. मनोहररावांनी ती चार वेळा काढली आणि चार वेळा लावली. इतकं सोपं आपल्या नकाशात कसं आलं नाही, असं त्यांना वाटलं, आणि लगेच दुसरंच काही वाटून हातातली पेटी हातातच राहिली. हे आकडे कामिनीबाईंच्या नजरेतून सुटणार नव्हते. बाहेरून आल्यावर त्या आधी पेटीत हात घालत, मग चपला काढत.

सावनेरची बस पाचला यायची. घड्याळात सव्वाचार झाले होते. धम्मानंद चहा पीत होता. मनोहरराव त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि आवाज खाली आणून एकेक सुचवू लागले. पेटी आतून पुसायला सोपी पडावी म्हणून आकडे, असं सांगितलं तर? किंवा हल्ली सगळीकडे अशाच पेट्या निघतात म्हणून? म्हणजे मी सांगण्यापेक्षा कारागिरानं सांगितलं तर जास्त पटेल, तू जरा थांबतोस का पाचपर्यंत?

धम्मानंदनं कप खाली ठेवला, हातोडी पिशवीत घातली आणि उठला.

"खरं सांगून टाका काकाजी, ऐन सीझनमंदी मले पुन्हा याले टाइम नाही."