वैशाखात संत्री नसतात

लग्न होऊन मी कोकणात आले, तेव्हा मला बघायला आलेल्या प्रत्येक बाईने आधी एकच विचारलं, "नागपूरची ना गं तू? मग संत्री आणलीस का?" नाव नंतर, शिक्षण नंतर, स्वयंपाक येतो की नाही तेही नंतर. जसं काही नागपुरात माणसं राहतच नाहीत, नुसती झाडं राहतात! मला मनातून राग यायचा. पण नव्या सुनेने रागवायचं कुणावर? मी हसून सांगायचे, की लग्न पुण्याला मामांकडे झालं, दोन्हीकडच्यांना सोयीचं म्हणून. आम्ही सगळे आधीच तिथे जाऊन राहिलो होतो, त्यामुळे नागपूरहून काही आणायचं राहूनच गेलं. त्या बायका मान डोलवायच्या, पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं, की ही रिकाम्या हाताने आली.

गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे. आमचे हे शाळेत शिक्षक. मे महिन्याची सुट्टी लागली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं माझ्या माहेरी निघालो. यांनी नागपूर कधी पाहिलेलं नव्हतं. निघताना सासूबाईंनी यांच्या हातात हापूसची पेटी दिली आणि बजावलं, "येताना संत्री आण रे, शेजारी वाटायला." वैशाखात संत्री नसतात, हे मी तिथेच सांगायला हवं होतं म्हणाल, तर मी सांगितलं. सासूबाईंना वाटलं, सून माहेरचा खर्च वाचवते आहे. त्या नुसत्या हसल्या.

आमचं घर सक्करदऱ्याला. बाबा बांधकाम खात्यात कारकून, बोलण्यात कुणाला हार न जाणारे. दारात उतरल्याबरोबर यांनी पेटी पुढे केली. बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, पेंढ्याचा वास घेतला आणि त्यांचा चेहरा जरा पडला. जावई पहिल्यांदा घरी आला, आपल्या गावची नावाजलेली वस्तू घेऊन आला, आणि आपल्याकडे परत द्यायला आपल्या गावचं काहीच नाही. "हिवाळ्यात याले पाहिजे होतं तुम्ही," ते म्हणाले. "आता संत्र्याचा मौसमच नाही ना." मग लगेच सावरून मोठ्याने हसले. "आता आमच्या नागपूरचं ऊनच पाहा, जावईबापू. लय फेमस आहे!"

झालं. त्या दिवसापासून बाबांनी उन्हाचाच धोशा लावला. दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंसुद्धा कसं दिसत नाही, डांबरात चपला कशा चिकटतात, मुंबईचा एक साहेब तपासणीला आला आणि दुसऱ्याच दिवशी रजा टाकून कसा पळाला. हे हसून ऐकायचे. मग एकदा सहज म्हणाले, "उकाडा आमच्याकडेही असतोच की, बाबा." बाबांना ते लागलं. उकाडा आणि ऊन यांत फरक काय, यावर त्यांनी जेवण होईपर्यंत भाषण दिलं.

आमच्याकडे एक रीत होती. उन्हातून कुणीही आलं, की आई त्याला उंबऱ्यातच थांबवायची आणि मानेमागे, कॉलरच्या आत हात घालून बघायची. मान ओली असली तर "जा, बस सावलीत." मान कोरडी असली, की आईचा चेहराच बदलायचा. मग कैरीचं पन्हं, ओलं फडकं, कांद्याचा रस, आणि संध्याकाळपर्यंत त्या माणसाला उठू द्यायची नाही. आमचं ऊन कोरडं. घाम येतो तोच वाळत जातो, तरी कॉलरखाली मान ओलसर, चिकट लागते. पण ती अगदीच कोरडी आणि गरम लागली, तर आत काहीतरी बिघडलंय, एवढं आमच्या गल्लीतल्या लहान पोरांनाही कळायचं. बाबांनाही कळायचं. ते उन्हाच्या बढाया मारायचे, पण आईने हात लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत.

एक दिवस सकाळी हे बाबांची सायकल घेऊन निघाले. तलाव बघून येतो म्हणाले. आईने डोक्याला बांधायला दुपट्टा काढून दिला, खिशात ठेवायला कांदा दिला. यांनी दुपट्टा पुन्हा खुंटीला अडकवला. "हे बांधलं तर मी दरोडेखोर दिसेन," म्हणाले. कांदा हळूच माझ्या हातात परत दिला आणि डोळा मिचकावला. मी हसले.

नंतर कळलं, ते तलावावरून थेट फळबाजारात गेले होते. नागपुरात संत्रं मिळत नाही, हे त्यांना पटतच नव्हतं. सासूबाईंसारखंच त्यांनाही वाटत होतं, की आम्ही खर्चाला भिऊन नाही म्हणतो आहोत. बाजारात नाही मिळाली म्हणून कुणीतरी सांगितलेल्या दुसऱ्या बाजारात गेले, तिथून तिसरीकडे. उघड्या डोक्याने, भर दुपारी, सायकल मारत.

हे परत आले तेव्हा मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. दाराबाहेर सायकल टेकल्याचा आवाज आला, मग यांचा. "बाबा, तुमच्या उन्हाचा नुसता बोलबाला आहे हो. एवढा फिरलो, मला घामसुद्धा आला नाही!"

"घ्या!" बाबा ओरडले. "जावईबापूनं आमच्या उन्हाची इज्जतच काढली!" आणि दोघंही खदखदून हसले.

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. कोकणात माणूस उन्हाचा हिशेब घामावर करतो. शर्ट भिजला म्हणजे ऊन कडक, नाही भिजला तर दिवस चांगला. यांना वाटत होतं, आपण जिंकलो. आणि बाबांना तो विनोद वाटत होता. मला मात्र कोरडी मान आठवली.

बाहेर आई उंबऱ्याशीच उभी होती. तिने नंतर मला सांगितलं, की तिचा हात सवयीने वर उठला होता. पण जावयाच्या गळ्याला हात लावायचा कसा? तिने तो उठलेला हात तसाच नेऊन स्वतःचा पदर सारखा केला. हे आत जाऊन आडवे झाले. जेवण नको, डोकं जरा दुखतंय म्हणाले.

आई स्वयंपाकघरात आली. "जरा जाऊन पाह्य वं," ती हळू आवाजात म्हणाली. "मले काही बरं नाही वाटून राहिलं." आता हेही सोपं नव्हतं. बाबा बाहेरच्या खोलीत बसलेले. त्यांच्या समोरून दिवसाढवळ्या नवऱ्याच्या खोलीत जायचं, म्हणजे आमच्या घरात लाजेने मरायची वेळ. मी पाण्याचा तांब्या भरून घेतला, म्हणजे कामासाठी जाते आहे असं दिसावं. बाबांनीही पेपर तोंडासमोर धरला.

हे भिंतीकडे तोंड करून झोपले होते. पाठीवर शर्टाला मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते. मी कॉलरच्या आत हात घातला. मान तव्यासारखी तापलेली, आणि कोरडी. अगदी कोरडी. मी हाक मारली तर त्यांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. "आई," ते म्हणाले, "संत्री वरच्या फळीवर ठेव. मुंग्या लागतील." उशाशी रुमालाची पुरचुंडी होती. तिच्यात दोन सुकून गेलेली, लिंबाएवढी संत्री होती.

मी किंचाळले. लाजबीज सगळी कुठल्या कुठे गेली. बाबा धावत आले. "काहून? काय झालं?" त्यांनी यांच्या कपाळाला हात लावला आणि मागे घेतला. मग आईने त्यांना हलवलं, "रिक्षा आणा, रिक्षा!" आणि ते अनवाणीच पळाले. डोक्याला काही बांधायचं त्यांनाही सुचलं नाही. एकाला ऊन लागलेलं आणि दुसरा त्याच उन्हात धावत गेलेला. मला वाटलं, आज माझं काहीच उरणार नाही.

आईने पलंगावरची चादर ओढून बादलीत बुचकळली आणि यांच्या अंगावर टाकली. सायकलरिक्षात मी यांचं डोकं मांडीवर घेतलं, पायाशी पाण्याची बादली. रस्त्यावर कुणी नव्हतं. बाबा सांगायचे तसंच, कुत्रंसुद्धा नव्हतं. वारा अंगावर यायचा तो चुलीतून आल्यासारखा. मी तांब्याने चादरीवर पाणी ओतायचे आणि बघता बघता कापड सुकून पांढरं व्हायचं. रिक्षावाला मागे न बघता ओरडत होता, "बाई, पाणी टाकत राहा, थांबू नका!" मी थांबले नाही. पण पाणी संपत होतं, हे मला दिसत होतं, आणि हे माझ्याशी बोलत नव्हते. जन्मभर मी ज्या रस्त्यांनी हुंदडले, त्या रस्त्यांची मला त्या दिवशी इतकी भीती वाटली, की मी डोळे मिटून पाणी ओतत होते.

दवाखान्यात उन्हाने आजारी पडलेल्यांसाठी एक खोलीच वेगळी ठेवलेली होती. खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे, जमिनीवर बर्फाची लादी. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "बाहेरगावचे का?" मी मान हलवली. त्यांनी बर्फ लावला, सलाईन लावली. मग मला म्हणाले, "यांना घाम यायला पाहिजे. घाम आला, की मला हाक मारा." मी विचारलं, "आणि नाही आला तर?" ते दुसऱ्या खाटेकडे वळले.

मी बसून राहिले. यांच्या कपाळाकडे, गळ्याकडे, ओठांकडे बघत राहिले. माझ्या डोळ्यांसमोर सासूबाई येत होत्या. त्या ओटीवर उभ्या आहेत, आणि मी एकटी गाडीतून उतरते आहे, हातात काहीही नाही. "माझ्या मुलाला नागपूरला नेलंस," त्या म्हणतील. कुणाचं गाव आंब्यांसाठी ओळखलं जातं, कुणाचं देवळासाठी. त्या घरात माझं नागपूर याच्यासाठी ओळखलं जाईल. पिढ्यानपिढ्या. त्या घरात नागपूर हा शब्द उच्चारायचीही चोरी होईल. मला यांच्या जिवाची भीती वाटत होती, आणि त्याच वेळी हेही सुचत होतं. भीती माणसाला काय काय सुचवते, सांगता येत नाही.

मागून दुसऱ्या रिक्षाने आई-बाबाही आले होते. बाबा दाराशी भिंतीला टेकून बसले होते. पायांना फोड आले होते, पण दाखवायला तयार नव्हते. मी पाणी घेऊन गेले तर माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "संत्री नव्हती ना वं बेटा. त्याईनं एवढी पेटी आणली, अन् आपल्याजवळ देयाले काहीच नव्हतं. काहीतरी पाहिजे ना आपल्या गावाचं. म्हणून मी उन्हाचं बोललो." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. दिवसभर तेच मनात होतं. पण ते एवढंसं तोंड करून बसले होते. मी त्यांचा हात धरून बसले.

ऊन कललं तेव्हा यांच्या वरच्या ओठावर थेंब दिसले. मला वाटलं बर्फाचं पाणी. मी पदराने पुसलं. ते पुन्हा आले. मी पुन्हा पुसलं, पुन्हा आले, मग कपाळावर, मग गळ्याच्या खळगीत. "घाम!" मी ओरडले, "डॉक्टर, घाम आला!" सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. डॉक्टर यायच्या आधी आई पोचली. तिने जावईबिवई काही बघितलं नाही. सरळ यांच्या मानेखाली हात घातला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. मग तोच ओला हात तोंडावर ठेवून रडायला लागली.

हे बरे झाले. निघताना बाबा स्टेशनवर आले होते, पण उन्हाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. गाडीत यांनी मला शपथ घातली, सासूबाईंना यातलं काही सांगायचं नाही. मी आजवर सांगितलं नाही. संत्री मिळाली नाहीत, एवढंच सांगितलं. हिवाळ्यात बाबांनी पार्सलने दोन करंड्या पाठवल्या आणि शेजारपाजारी वाटून झाल्या.

पण त्या मे महिन्यापासून हे शाळेतून आले, की मी उंबऱ्यातच त्यांच्या कॉलरमध्ये हात घालते. पाहुणे असोत, सासूबाई असोत. पहिल्यांदा सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या. नंतर त्या शेजारणींना सांगायला लागल्या, "नागपूरच्या मुलींचं हे असंच असतं, त्यांना चारचौघांत काही वाटत नाही." आमच्या आळीत माझं गाव आता संत्र्यांसाठी नाही, याच्यासाठी प्रसिद्ध आहे. बायका तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. कोकणच्या दमट हवेत मान ओलीच असते, रोजच असते, हे मलाही ठाऊक आहे. तरी हात पोचेपर्यंत माझा श्वास अडकतो. मग बोटांना घाम लागतो, आणि मी पाणी आणायला आत जाते.