शंभरपैकी वोडका

वोडकाबद्दल आमच्या अण्णांइतकं कळणारा माणूस हुबळी-धारवाडात दुसरा नाही, आणि मला तर वाटतं रशियातही नसावा, कारण रशियातली माणसं ती गिळतात. अण्णांनी आयुष्यात एक थेंब गिळलेला नाही. जिभेवर घ्यायची, या गालातून त्या गालात फिरवायची, डोळे मिटून मनात सात आकडे मोजायचे आणि गच्चीच्या कोपऱ्यातल्या जास्वंदीच्या कुंडीत थुंकायची, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध. त्या जास्वंदीला महिनोन्‌महिने फूल यायचं नाही आणि आलं की एकदम नऊ यायची. "तिचं मनावर घेऊ नको," अण्णा म्हणायचे, "ती शुद्धीवर नसती."

धारवाडच्या ज्या कॉलेजात मी शिकलो तिथल्या केमिस्ट्री लॅबचे हे अटेंडर. नात्यानं माझे कोणी नाहीत. आमच्या घरात डिग्री घेतलेला मी पहिला. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नसतो. माझे वडील हमाली करायचे. मी बीएस्सी झालो म्हणजे नेमकं काय झालो, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. अण्णांना कळलं. पहिल्या प्रॅक्टिकलला बर्नर पेटवताना माझ्या तीन काड्या वाया गेल्या. आजूबाजूची पोरं इंग्लिशमध्ये हसत होती. अण्णा शेजारी येऊन हळूच म्हणाले, "घाबरू नको. गॅसला तुझा बाप काय करतो ठाऊक न्हाई. काडी आधी, कॉक नंतर." निकाल लागला त्या दिवसापासून ते मला 'बीएस्सी' अशीच हाक मारतात. मी हायस्कूलला सायन्स शिकवायला लागलो, लग्न केलं, नवनगरात घर घेतलं, तरी हाक बदलली नाही. ते स्वतः पीयूसीला, म्हणजे इकडच्या बारावीला, नापास झाले होते, आणि तेही केमिस्ट्रीतच. "तुझ्याकडं कागद हाय," ते म्हणायचे, "माझ्याकडं नाक हाय. दोघांचं मिळून एक प्रोफेसर होतंय."

नाकाबद्दल ते खोटं बोलत नव्हते. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅबच्या कपाटाला वाळवी लागली आणि चाळीस बाटल्यांची लेबलं खाऊन गेली. आत सगळं पाण्यासारखं दिसणारं. प्रोफेसर म्हणाले, ओतून टाका. अण्णा म्हणाले, "सर, एक तास द्या." बाटलीच्या तोंडावरची हवा हातानं नाकाकडं ओढत ते एकेका बाटलीपुढं उभे राहिले आणि खडूनं बाटलीवर नाव लिहीत गेले. प्रोफेसरांनी तपासलं तेव्हा एकोणचाळीस बरोबर निघाल्या. चाळिसावी चुकली म्हणाले. अण्णा म्हणाले, पुन्हा बघा. पुन्हा बघितलं तर चूक प्रोफेसरांची होती. त्यानंतर प्रोफेसर त्यांना 'अहो' म्हणायला लागले, आणि त्या एका 'अहो'वर अण्णांनी पुढची सगळी नोकरी काढली.

हे नाक कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील सारायी प्यायचे, म्हणजे इकडची गावठी दारू. वडील संध्याकाळी दारात आले की आई लहानग्या अण्णांना पुढं ढकलायची, "जा, हुंगून ये." पोरगं वडिलांच्या गळ्यात पडायचं, वडिलांना वाटायचं केवढं प्रेम. वास नसला तर पोरगं तिथंच खेळत बसायचं आणि आई ताट वाढायची. वास असला तर परत येऊन मान हलवायचं, मग आई धाकट्यांना घेऊन मागच्या दारानं शेजारी. "चुकून चालायचं न्हाई रे," अण्णा म्हणाले, "चुकलं की आई मार खायची." मी त्यांना विचारलं, असं असताना तुम्ही दारूच्या नादाला लागलातच कशाला? तर म्हणाले, "वोडकाला वास नसतो म्हणतात. तसली पिऊन बाप आला असता तर मला वळखू आलं नसतं. तशी खरंच कुठं हाय का, तेवढं बघायचंय."

म्हणून त्यांची मार्क द्यायची रीत उलटी. शंभरापासून सुरुवात, आणि जे जे आढळेल त्याचे मार्क कापायचे. काहीच आढळलं नाही तर शंभर. व्हिस्की-रमला त्यांनी कधी परीक्षेला बसू दिलं नाही. "रंग लावून आलेली पोरं," म्हणायचे. लॅबच्या जुन्या जर्नलमध्ये एका पानावर एक बाटली. बाटल्या आणायचं काम आमच्या तिसऱ्या मेंबराचं, एका रिटायर कंडक्टरचं. कमरीपेठेतल्या दुकानापासून गोव्याहून येणाऱ्या भाच्यापर्यंत त्याची ओळख होती. परीक्षा संपली की उरलेली बाटली त्याची, त्यामुळे परीक्षा लवकर संपावी एवढीच त्याची तळमळ असायची. "अण्णा, द्या की पस्तीस, पास करून सोडा बिचारीला." अण्णा ढिम्म. निळ्या झाकणवालीला बावन्न: "ओल्या पोत्याचा वास. शिवाय शेवटी साखर टाकून मारलंय, हुशारी करालेत." एका बटाट्याच्या वोडकाला अठ्ठेचाळीस: "सालीची माती धुतली न्हाई." खुद्द रशियाची बाटली कुणीतरी आणली, तिला चौसष्ट, आणि त्यातले दोन ग्रेसचे: "लांबनं आलीय." हिरव्या लेबलाच्या एका स्वस्त बाटलीला एकतीस मिळाले आणि खाली शेरा पडला, 'पुन्हा बसणे'. सगळ्यात जास्त एक्याऐंशी. त्या दिवशी अण्णांनी दुपारपर्यंत बशी खाली ठेवली नाही.

परीक्षा रविवारी सकाळी अकराला, उणकलच्या त्यांच्या घराच्या गच्चीवर. त्या दिवशी अण्णा उठल्यापासून चहा घ्यायचे नाहीत. आम्ही तेल, पावडर, सेंट लावून यायचं नाही. कंडक्टर एकदा तंबाखू खाऊन आला तर त्याला खाली अंगणात बसवून वरून निकाल ओरडून सांगितला. घरात उदबत्ती बंद, कांदा चिरणं बंद, फोडणी बंद. अक्का, म्हणजे त्यांची बायको, जिन्यातून ओरडायच्या, "झाला का तुमचा पेपर? माणसं बायकोच्या हातचं जेवाय तळमळतात, आणि ह्यांना माझ्या लसणाचा अडथळा!" आमच्या दोन्ही घरांत पौर्णिमेला बुद्धवंदना होते आणि पाचवं शील दारू वर्ज्य करायचं असतं. अक्का त्यावरूनही टोचायच्या. अण्णा गंभीरपणे म्हणायचे, "शिलात पिऊ नये म्हटलंय. तपासू नये म्हटलेलं न्हाई."

मग तापाची साथ आली. ती सगळ्यांनाच आठवते, वर्णन नको. अण्णा आणि अक्का दोघंही पडले. अक्का आठ दिवसांत उठल्या. अण्णांना महिना लागला, उठले ते निम्मे होऊन. गच्चीवरची परीक्षा पुन्हा सुरू व्हायला बरेच महिने गेले. कंडक्टरनं आणलेली बाटली अगदी साधी, कुठल्याही दुकानात मिळणारी होती. अण्णांनी रीतसर निम्मं कोमट पाणी घातलं, काचेच्या बशीत ओतली, हवा नाकाकडं ओढली. थांबले. पुन्हा ओढली. जिभेवर घेतली, सात मोजले, थुंकले. पुन्हा घेतली. त्यांचे डोळे भरून आले. "काहीच न्हाई," ते म्हणाले. "जळजळ तेवढी हाय, बाकी काहीच न्हाई रे. सापडली." जर्नलमध्ये त्यांनी शंभर लिहिलं. कंडक्टरनं उठून त्यांना मिठी मारली. मीही उठत होतो, तेवढ्यात जिन्यातून करपलेल्या दुधाचा वास आला. साधा नव्हे, घसा धरणारा. कंडक्टरनं नाकाला रुमाल लावला. खाली अक्का भांडं आपटत स्वतःलाच शिव्या देत होत्या. आणि ज्या माणसानं कधी लसणाची पाकळी खपवून घेतली नाही, तो त्या धुरात बसून हसत होता.

मला तिथंच कळलं. मी सायन्सचा माणूस, आणि तोंडावर बोलणारा म्हणून शाळेत बदनामही आहे. हेडमास्तरांना मी तोंडावर बोललो आहे. पण त्या सकाळी मी गप्प बसलो, आणि पुढचा आठवडाभर गप्प राहिलो. अण्णा गल्लीभर सांगत फिरत होते. न्हाव्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, ज्या प्रोफेसरांनी 'अहो' म्हटलं होतं त्यांना फोन करून सांगितलं. इतका आनंदी मी त्यांना कधी बघितला नव्हता. रोज वाटायचं आज सांगू, आणि रोज सांगायचं राहायचं.

पुढच्या रविवारी कंडक्टर हिरव्या लेबलाची बाटली घेऊन आला. लेबल फाडून आणलं होतं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. अण्णांची गंमत करावी, एकतीसवालीला पुन्हा बसवून त्यांच्या तोंडून शिव्या ऐकाव्यात, एवढंच. अण्णांनी हवा ओढली, जिभेवर घेतली, सात मोजले. चेहऱ्यावर पहिल्यांदा आनंद आला, मग तो हळूहळू गेला. "शंभर," ते म्हणाले, पण प्रश्न विचारल्यासारखं.

"अय्यो अण्णा!" कंडक्टर मांडीवर थाप मारून हसायला लागला. "ही हिरवी! हिला तुम्हीच नापास केलतं की!"

अण्णांनी जर्नलची पानं मागं उलटली. एकतीस. 'पुन्हा बसणे.' "सुधारली असंल," ते म्हणाले.

कंडक्टरचं हसू तोंडातच राहिलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. अण्णांनी आम्हा दोघांकडं बघितलं आणि विचारलं, "बीएस्सी, तुला ठाऊक होतं?"

"हो," मी म्हटलं.

"कधीपास्नं?"

"दूध करपलं तेव्हापासून."

"दूध करपलं होतं?" अण्णा म्हणाले.

ते उठले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. "तू डिग्रीवाला. नीट परीक्षा घे माझी. तीन बशा लाव. काय घालायचं तुझं तू ठरव." कंडक्टर म्हणाला, "साकु अण्णा, बास झालं, जाऊ द्या." ते हलले नाहीत. मी खाली गेलो. अक्का काही न विचारता बाजूला झाल्या. फिनेल, कॉफी आणि हिंग घेऊन मी वर आलो. पहिली बशी नाकाशी धरली. ते म्हणाले, "पाणी." फिनेल होतं. दुसरी धरली. खूप वेळ गेला, मग म्हणाले, "कॉफी." "आला वास?" मी विचारलं. "न्हाई. तू डबा उघडलास ते ऐकू आलं. तो मार्क धरू नको." तिसरी धरली. हिंगासमोर बसून त्यांनी नुसता श्वास आत ओढला, सोडला, पुन्हा ओढला. "लिही," ते म्हणाले, "तीनपैकी शून्य." मी म्हटलं, अण्णा, लिहायचं कशाला? तर भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "वोडकाला सोडलं न्हाई, मला कसं सोडतोस?" मी लिहिलं. मग त्यांनी लाल पेन मागितलं आणि दोन्ही शंभरांवर पट्टी लावून रेघ मारली.

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मग म्हणाले, कदाचित येईल. आता डॉक्टर काही म्हणत नाहीत. अण्णा रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मी बोललो, वाळवीची गोष्ट सांगितली, पोरं हसली. अण्णा शालीत हात गुंडाळून खुर्चीवर बसले होते. परतताना बसमध्ये म्हणाले, "शेवटचं वर्ष मी लॅबमध्ये लेबल वाचून काम केलं. कुणाला सांगितलं न्हाई." आणि स्टॉप जवळ आल्यावर, उठता उठता, "जे शोधत होतो ते मिळालं बघ. पाण्याला शंभर, गटारीला शंभर, हिच्या हातच्या आमटी-सारूला शंभर. इतकं काहीच नसणं मी मागितलं नव्हतं."

रविवारी मी अजून जातो. बाटली नसते. कंडक्टरही येतो, आणि त्याची तक्रार नसते, याचं मला नवल वाटतं. गच्चीवर आम्ही बसतो. उणकलच्या तळ्यावरून वारा येतो. अण्णा विचारतात, "काय वास येतोय रे?"

पहिल्यांदा मी म्हटलं होतं, "विशेष काही नाही."

ते चिडले. "विशेष नसलेलाच सांग."

मी शाळेत फळ्यावर शिकवतो की वासाचे कण हवेत पसरतात आणि नाकापर्यंत पोचतात. आकृती काढतो, बाण दाखवतो. पण गच्चीवर मान वर करून बसलो की बोलायला काही सुचत नाही. शेवाळ म्हणतो. ते म्हणतात, ओलं की वाळत आलेलं? मी पुन्हा श्वास घेतो. शेजारी नवीन बिल्डिंग होतेय, सिमेंट म्हणतो. कुणीतरी लांब मिरच्या भाजतंय, म्हणतो. ते डोळे मिटून ऐकतात. "अजून?" म्हणतात. काही वास असे असतात की ते आहेत एवढं कळतं, पण त्यांना काय म्हणायचं ते मला ठाऊक नसतं. तेव्हा मी थांबतो, आणि अण्णा घाई करत नाहीत. माझ्याकडं तोंड करून, मी काय सांगतो याची वाट बघत बसून राहतात.