अध्यक्षाचा हंडा शेवटी

आमच्या नायगावच्या चाळीत एक रीत होती. ती सांगितल्याशिवाय शामरावांची गोष्ट कळायची नाही. अंगणात नळ एकच. चाळ कमिटीचा जो अध्यक्ष, त्याच्या घरचा हंडा रांगेत सगळ्यात शेवटी. मान त्याचा, पाणी मात्र उरलं तर.

शामराव गिरणीत फिटर. बोलायला लागले की समोरच्यानं डबा उघडून जेवून घ्यावं. अन्याय दिसला की त्यांना झोप येत नसे, आणि अन्याय त्यांना रोजच दिसे.

छप्पन सालचं संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं. त्या थंडीत शामरावांच्या नजरेला पडलं, की अध्यक्ष बुधाजींची बायको राधाबाई पहाटे नळ येताच सगळ्यांच्या आधी हंडा भरून नेते. झालं. अंगणात सभा बसली. समोर पोलिसांची वस्ती. तिथला एक हवालदार गंमत बघायला येऊन कठड्याला टेकला.

"बुधाजी, हा पहिला हंडा कुणासाठी?" शामरावांनी विचारलं.

बुधाजींनी एकदा हवालदाराकडे बघितलं. "लागत होतं पाणी," एवढंच म्हणाले.

"आणि आम्ही काय दव चाटतो?"

हशा पिकला. हात वर झाले. बुधाजी उतरले, शामराव अध्यक्ष झाले.

मग काय विचारता. आपली बायको बकुळा शेवटी उभी आहे, हे शामराव येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवीत. "याला म्हणतात कमिटी." बकुळा पुटपुटे, "मिरवता तुम्ही, पाय दुखतात माझे."

महाराष्ट्र झाला त्या मे महिन्यात, सकाळी पाण्याच्या वेळी, परळचा हेमचंद्र नावाचा एक तरुण हार घेऊन आला. "अध्यक्ष कोण?"

शामराव पुढे झाले. तरुणानं हार घातला, पाया पडला आणि रांगेकडे वळून सांगू लागला. "गोळीबार झाला तेव्हा आम्ही तिघं जखमी. पोलीस मागावर. तुमच्या अध्यक्षांनी गावी गेलेल्या भाडेकरूच्या बंद खोलीत आम्हाला लपवलं. काळोखात आत घेतलं, तोंडही दिसलं नाही. पहाटे दाराशी हंडा ठेवून एक बाई हळूच म्हणायची, अध्यक्षांनी पाठवलंय. त्या पाण्यानं जखमा धुतल्या."

रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग सगळ्यांनी खाली बघितलं. हात तर सगळ्यांनीच वर केले होते. शामरावांचा हात हाराशी गेला आणि तिथंच राहिला.

"काढा तो," बकुळा रांगेच्या टोकावरून म्हणाली.

त्यांनी काढला. बुधाजी नळाशी दात घासत होते. शामराव हार घेऊन त्यांच्यापुढे गेले तर ते मागे सरले. "राहू दे रे. हार अध्यक्षालाच असतो."

"मग तुम्ही व्हा अध्यक्ष. मी आत्ता सोडतो."

"छे रे बाबा. राधा आता पहिल्या नंबराला उभी राहते, तिची कंबर थांबलीय दुखायची. ते सुख घालवू?"

लोक हसले. शामरावांना हसू आलं नाही. "हवालदार गेल्यावर तरी सांगायचं होतंत," ते म्हणाले.

"तू विचारलंस कुठं परत?"

दुसऱ्या सभेत त्यांनी राजीनामा पुढे केला, तर कुणी हात वर करीना. एकदा चुकलेल्या हातांना भीती बसली होती. शामराव अध्यक्ष राहिले. दुसऱ्या दिवसापासून बकुळा घरात, आणि हंडा घेऊन शेवटी स्वतः शामराव. पहाटे एखादी बाई रांग मोडून आधी भरायला लागली, की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत.