बद्रूच्या माथी

माझ्या पहिल्या बायकोचं नाव बद्रुन्निसा. माहेर शेवगावचं. मी तिला बद्रू म्हणायचो. तिच्याबद्दल कोणी विचारलं की मी भराभर चांगलं बोलतो. हाताला चव होती, आवाज कधी चढला नाही, माझ्या अम्माचं तिनं सगळं केलं. खोटं काहीच नाही त्यात. पण एवढं बोलून मी गप्प बसतो आणि जे सांगायला हवं ते गिळतो. आज सांगतो. माझं नाव फक्रुद्दीन, आणि मी लबाड माणूस आहे, हे आधीच कळलेलं बरं.

आम्ही नगरला झेंडीगेटला राहायचो. कॅम्पाजवळच्या एका बेकरीत मी भट्टीवरचा मिस्त्री होतो. पावाच्या भट्टीपुढे जमिनीत कमरेइतका खड्डा असतो. मिस्त्री त्यात उभा राहतो, आणि भट्टीचं तोंड नेमकं त्याच्या पोटासमोर येतं. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं पाव आत सारायचे आणि भाजले की ओढायचे. लढाई सुरू झाली आणि पलटणीच्या पावांची मागणी इतकी वाढली की दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत मी त्या खड्ड्यातच असे. मला त्याचा माज होता. आगीला न भिणारा असा माणूस दुसरा नाही, असं शेठ चारचौघांत म्हणायचे आणि मी मिशीला पीळ भरायचो.

एकोणीसशे सदतीस साली आमचा निकाह झाला. पाच वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही. मग सुरू झाले बद्रूचे हाल. जो कोणी जे सांगेल ते अम्मा आणायची आणि बद्रू घ्यायची. सकाळी शतावरीची पूड दुधातून, दुपारी कोरफडीचा गर, संध्याकाळी कसला तरी काळा काढा, तो घेतला की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पोटाला एरंडेल चोळून विटेचा शेक. कुठल्या दर्ग्याला चाळीस दिवस, कुठल्या पीराला गुरुवार. मी खाटेवर बसून बिडी ओढत हे बघायचो. एकदा तिनं काढ्याचा पेला माझ्यापुढे धरला, वास तरी घेऊन बघा म्हणाली. मी हसलो. आजारी तू, औषध मला कशाला, म्हणालो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच.

त्रेचाळीस साली ती माहेरी गेली होती. शेवगावात रतनबाई नावाची सुईण होती. बद्रूचा जन्म तिच्याच हातावर झालेला. अर्ध्या तालुक्याच्या बाळंतपणांना ती जायची आणि झाडपाल्याचं तिचं ज्ञान मोठं होतं. बद्रूला आणायला मी, पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं शेवगावला गेलो, तेव्हा रतनबाई सासऱ्यांच्या अंगणातच बसली होती. सासुरवाडीच्या गावची म्हणून ती मला जावईबापू म्हणायची. तिनं मला समोर बसवलं आणि माझ्या कामाचं विचारायला लागली. किती वेळ उभा असता, भट्टीचं तोंड कुठं येतं, घाम किती जातो, बिड्या किती. मला वाटलं, बाई कौतुकानं विचारतेय. मी उठून, पोटासमोर हात धरून दाखवलं.

"जावईबापू, राग नका मानू," ती म्हणाली. "पोरीत कायबी खोट न्हाई. तिची पाळी चुकत न्हाई, अंग चांगलं हाय. तुमी त्या खड्ड्यातनं भाईर निगा. कोंबडीखालचं अंडं चुलीम्होरं ठिवलं तर पिल्लू निगंल का? चार म्हैने आगीपासनं लांब ऱ्हावा, बिडी सोडा, मी देते ते खावा. मग बगू."

माझ्या कानशिलाची आग झाली. एक बाई, तीही सुईण, मला असं सांगते? मी उठलो, चहाही घेतला नाही, बद्रूला म्हणालो चल. मोटारीत नगरपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. तिचा चेहरा मला आठवतो. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

घरी आल्या आल्या अम्मानं विचारलं, काय म्हणाली सुईण? बद्रू आत पाणी आणायला गेली होती. मी जोडे काढत म्हणालो, "तिनं हात टेकले. हिला होणार नाही म्हणाली."

मी मान वर केली तर बद्रू दारात उभी, हातात तांब्या. तिनं सगळं ऐकलं होतं. ती भांडली असती तर मी तिच्यावर हात उगारला असता, इतकी माझी लायकी होती. पण तिनं तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली. शेवगावची सुईण नगरला सांगायला थोडीच येणार होती. खोटं पचलं.

पुढच्याच वर्षी अम्मानं सोनईहून माझ्यासाठी दुसरी मुलगी आणली. मेहताब नाव, वय एकोणीस. निकाहाच्या जेवणाचे कांदे बद्रूनं चिरले. त्या दिवसापासून मी बद्रूच्या खोलीत गेलो नाही. लोकांना वाटलं, नव्याची नवलाई. खरं म्हणजे तिच्या नजरेला नजर द्यायची मला हिंमत नव्हती.

दोन वर्षं गेली. मेहताबही रिकामीच. आणि मग एका सकाळी अम्मानं काळ्या काढ्याचा तोच पेला मेहताबच्या हातात दिला. पोरीनं एक घोट घेतला आणि मोरीत जाऊन ओकली. अम्मा बडबडायला लागली, माझ्याच नशिबी दोघीही अशा कशा म्हणून. त्या दुपारी मी जेवायला घरी आलो तर बद्रू ताट वाढून समोर बसली. घरात आम्ही आमची मुसलमानी बोली बोलायचो, तिचं बोलणं इथं मराठीत सांगतो.

ती म्हणाली, "माझं नाव गेलं ते गेलं. या पोरीचं तरी घालवू नका."

मी भाकरी मोडत राहिलो. त्यावर तिनं काही विचारलं नाही, स्वतःच सगळं केलं. बुरखा घालून शेठच्या घरी गेली आणि शेठाणीला म्हणाली, यांना आगीपुढे चक्कर येते, एक दिवस भट्टीत पडतील. शेठनं दुसऱ्याच दिवशी मला खड्ड्यातून काढून पीठ मळायला लावलं. भट्टीचा मिस्त्री परातीवर आला, बाकीचे तोंड लपवून हसले. मी घरी येऊन खूप आदळआपट केली. बद्रू शांतपणे म्हणाली, चार महिने.

माहेरी कुणी जाणारं-येणारं असलं की त्याच्या हाती रतनबाईचा पुडा यायचा. गोखरू, कवचबीज, आणखी काय काय. बद्रू ते उडदाच्या पिठात, तुपात परतून लाडू करायची आणि रोज सकाळी एक लाडू माझ्या दुधाशेजारी ठेवायची. बिड्यांचं बंडल घरातून नाहीसं झालं. ते लाडू कशासाठी आहेत हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. आणि मी गुपचूप खायचो, चोरानं खावं तसा, अम्मा आली तर तोंड पुसायचो. लाडवानं झालं, की आगीपासून लांब राहिल्यानं, की अल्लाच्या मर्जीनं, ते मी कोण सांगणार? पण सहाव्या महिन्यात मेहताबला दिवस गेले.

त्यानंतर बद्रूनं त्या पोरीला फुलासारखं जपलं. पाण्याची घागर उचलू दिली नाही, जात्यावर बसू दिलं नाही, पण दिवसभर लोळूही दिलं नाही. संध्याकाळी अंगणात फेऱ्या घालायला लावायची. उलट्या व्हायच्या तेव्हा आल्याचा रस लिंबात. पुढे खजूर, गूळ-शेंगदाणे, बाजरीची भाकरी, रात्री दूध. पाय सुजले की तेल चोळायची आणि उशीवर टेकवून ठेवायची. मेहताब तिला आपा म्हणायची आणि तिच्याशिवाय जेवायची नाही. सवतीसवतींचं असं गूळपीठ बघून शेजारणी चकित व्हायच्या.

सातव्या महिन्यात गोदभराई झाली, आमच्यात सतवासा म्हणतात. बद्रूनं हट्टानं रतनबाईला शेवगावहून बोलावलं होतं. बायका जमल्या, मेहताबला हिरवी साडी नेसवली, आणि अम्मा बद्रूला म्हणाली, तू चुलीपाशी थांब, आज तुझी सावली नको. बद्रू थांबली. रतनबाईनं ते ऐकलं. ती सरळ बाहेर आली. मी ओट्यावर पाहुण्यांत बसलो होतो, छाती पुढे काढून, बाप होणार म्हणून.

"जावईबापू, मी तवा तुमाला काय सांगितलं हुतं, ते आईला सांगितलं न्हाई का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अम्मा दारात आली. एवढा सोपा प्रश्न, एवढं सोपं उत्तर. मी हसलो आणि म्हणालो, "मावशी, तुमचं वय झालं. तुम्हाला आठवत नसेल, काय म्हणाला होतात ते."

"माजं वय झालं, खरं हाय," रतनबाई म्हणाली. "तुमचं कवा हुनार?" मग तिनं आत जाऊन बद्रूच्या पाठीवरून हात फिरवला आणि न जेवता गेली. पाहुण्यांनी म्हातारीचं डोकं फिरलं असं ठरवून टाकलं, मीही मान डोलावली.

त्या दिवसानंतर बद्रू पहिल्यांदा माझ्याकडे स्वतःसाठी काही मागायला आली. लोकांना नको, म्हणाली, फक्त अम्मांना सांगा. एकट्या अम्मांना. मी कबूल झालो. बाळंतपण होऊ दे, म्हणालो, आत्ता घरात गडबड नको. सत्तेचाळीस साली शमशेर झाला. मग म्हणालो, छटी होऊ दे. मग बाळाच्या जावळाचा अकीका. मग अम्माची तब्येत. बद्रू दोनदा-तीनदा बोलली, नंतर बोलायची थांबली. शमशेर तिच्याच कुशीत झोपायचा, आणि अम्मा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, बघा, दुसरी केली म्हणून वंश राहिला, पहिलीनं बुडवलाच होता. मी ऐकायचो. न ऐकल्यासारखं करायला फार कष्ट पडत नाहीत, सवय होते.

एकोणपन्नास साली अम्मानं अंथरूण धरलं. दोन महिने तिचं सगळं बद्रूनं केलं, अंग पुसण्यापासून ते घास भरवण्यापर्यंत. शेवटच्या दिवशी दुपारी अम्मा शुद्धीवर होती. एकेकाला जवळ बोलावून तिनं सगळ्यांची माफी मागितली, आमच्यात तशी रीत आहे. मेहताबचा हात धरला, शमशेरचा मुका घेतला. मग बद्रूला बोलावलं. बद्रू उशाशी बसली. मी पायथ्याशी बसून अम्माचे पाय चेपत होतो.

अम्मानं बद्रूच्या डोक्यावर हात ठेवला. "तू माझं खूप केलंस," ती म्हणाली. "पोटाला पोर दिलं नाहीस, त्याचा माझ्या मनात फार राग होता. आज काढून टाकला. जा, मी तुला माफ केलं."

बद्रूनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसती वाट बघत होती. खोलीत आम्ही घरचेच होतो, अम्माला ऐकू येत होतं, आणि मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी मान खाली घातली.

बद्रू म्हणाली, "जी, अम्मा," आणि तिनं पाण्याचा चमचा अम्माच्या ओठांना लावला. मी पाय चेपत राहिलो.