लाळमावशीची नात

तान्ह्या बाळांच्या गालात कापसाचा बोळा धरून लाळ टिपायची, हे तिचं प्रयोगशाळेतलं काम. म्हणून सगळे तिला लाळमावशी म्हणत. नव्या बाळाच्या लाळेत रोगाशी लढणारी प्रतिपिंडं जेमतेम असतात, पुढे हळूहळू वाढतात, हे तिला तोंडपाठ. तरी नुकत्याच जन्मलेल्या नातीच्या लाळेत ती भरभरून निघाली, तेव्हा मावशीचे पाय जमिनीवर ठरेनात. "आमची नात जगावेगळी," असं ती अख्ख्या मजल्यावर सांगत सुटली.

लेक फोनवर म्हणाली, "आई, तू बोळा घातलास तेव्हा तिचं नुकतंच पिऊन झालं होतं. ती प्रतिपिंडं माझ्या दुधातली असणार."

दूध पाजल्यावर लगेच लाळ घ्यायची नाही, ही पाटी मावशीनंच दारावर लावली होती. ती पोट धरून हसली आणि पुन्हा मजलाभर सांगत सुटली, "आमची लेक जगावेगळी."