हवेचा पंचनामा

पिल्लांचं ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. बदलापूर गावाजवळच्या कोंबड्यांच्या उबवणी केंद्राचा मालक पोलीस ठाण्यात आला, तो आरोपी ठरवूनच. अंड्यातून निघालेली पिल्लं दोन-तीन दिवसांत मरत होती.

"कामावरची बाई विष टाकते, साहेब. पिशवीत बाटली सापडली. अटक करा."

बाई हेंद्रेपाड्यातली, पन्नाशीची. घर तिच्या एकटीच्या कमाईवर. चौकशीत तिने बाटली नाकारलीच नाही.

"फिनेल हाय, सायेब. पिल्लांची लव उडून अंड्यांच्या खोलीत बसते, ती ओल्या फडक्याने पुसते मी. मालक बोलतो, सुका झाडू मार, पटकन होतंय."

"तिथे लव येते कशी?"

"पंखाच उलटा बसवलाय ना! आधी बाहेर फेकायचा. समोर सोसायटी झाली, त्यांच्या वाळत्या कपड्यांवर लव बसली, बोंबाबोंब झाली. मग पंख्याचं तोंड आत, अंड्यांच्या खोलीकडे केलं. तवापासूनच पिल्लं मरतायत."

वरून फोन आला, "बाईला आत घ्या, विषय संपवा." मी म्हणालो, लेखी आदेश द्या. तो कधीच आला नाही.

पशुवैद्यकीय डॉक्टरांनी मेलेली पिल्लं तपासली. बेंब्या सुजलेल्या. "जिवाणूंचं काम दिसतंय. लवेवर बसून हवेतून पसरतात."

मी दोन पंच बोलावले. मालक हसला, "काय साहेब, आता हवेचा पंचनामा?"

"हो. आणि त्यावर तुमचीही सही घेणार."

अंड्यांच्या खोलीत डॉक्टरांनी जिवाणू वाढवायच्या उघड्या बशा ठेवल्या. काही पंखा बंद असताना, काही चालू असताना. झाकणं, सील, सह्या, प्रयोगशाळा. अहवालात पंखा चालू असतानाच्या बशा ठिपक्यांनी भरलेल्या, बाकीच्या जवळपास स्वच्छ. मेलेल्या पिल्लांत तेच जिवाणू. विषाचा अंशही नाही.

मालकाला समोर बसवलं. "पंख्याचं ठाऊक होतं ना? मग बाईला का गोवलं?"

त्याने अहवाल बाजूला सारला. मग म्हणाला, "चार कामगारांसमोर बोलली ती, पंखा परत बाहेर फिरवा म्हणून. माझी काय इज्जत राहिली?"

बाई सुटली. खोट्या तक्रारीबद्दल मालकावर कारवाईचा प्रस्ताव मी पाठवला आणि माझी बदली झाली. पुन्हा तशी वेळ आली, तर पुन्हा पाठवीन.

या तपासात मी काहीही शोधलं नाही. सगळं त्या बाईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मालकाचा शब्द तक्रार म्हणून लगेच नोंदवला गेला. तिचा शब्द बशीत उगवेपर्यंत कुणी खरा मानला नाही, मीसुद्धा नाही. याची मला लाज वाटते. ज्याला वाटत नाही, त्याने खाकी उतरवून ठेवावी.